सत्र संपल्यावर माझाच घसा दाटतो: शरीराधारित मानसोपचार शिकावा का?

प्रश्न: समुपदेशक, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी गेली सात वर्षे फोंडा तालुक्यात समुपदेशनाचे काम करते. सकाळी एका शाळेत असते आणि आठवड्यातून चार संध्याकाळी एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसते. मानसशास्त्रात एम. ए. आणि त्यानंतर समुपदेशनाची पदविका एवढे माझे शिक्षण आहे. विचार, भावना आणि वर्तन यांची सांगड घालणारी सीबीटीची पद्धत मी प्रामुख्याने वापरते आणि तिच्यावर माझा विश्वासही आहे. तरीही दोन गोष्टी गेले काही महिने मनात घोळत आहेत, म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट एका क्लायंटची. त्यांच्या अनुमतीने, आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, लिहिते. चाळिशीतील या बाईंना डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवले होते. घशात सतत काहीतरी अडकल्यासारखे वाटते, ही त्यांची तक्रार होती; कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासून दोष नसल्याचे सांगितले होते. चार सत्रे मी त्यांच्याकडून विचारांची नोंदवही भरून घेतली. त्या ती प्रामाणिकपणे भरून आणत, पण ‘तेव्हा काय वाटले’ या रकान्यात दर वेळी ‘काही नाही’ एवढेच लिहिलेले असे. पाचव्या सत्रात त्या सासऱ्यांच्या दीर्घ आजारपणाविषयी अगदी कोरड्या आवाजात सांगत होत्या, आणि त्याच वेळी त्यांच्या उजव्या हाताची बोटे पर्सचा पट्टा गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आम्ही कोंकणीतच बोलत होतो. हे बोलताना अंगात कुठे काही जाणवते का, असे मी फारसा विचार न करता विचारले. त्या बोलायच्या थांबल्या, पट्टा हातातून सुटला, आणि गळ्याच्या खळगीवर दोन बोटे टेकवून त्या म्हणाल्या, ‘हांगा’, म्हणजे इथे. पुढची दहा मिनिटे त्या रडल्या नाहीत आणि फारसे बोलल्याही नाहीत. बोटे तिथेच ठेवून बसून राहिल्या. निघताना टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला. आधीच्या चारही सत्रांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची आहे. गेले वर्षभर, विशेषतः लागोपाठ तीन-चार सत्रे झाल्यावर, माझाच घसा दाटून येतो. थायरॉइडच्या तपासण्या झाल्या, त्या व्यवस्थित आहेत. घरी पोहोचल्यावर मुलगी काही सांगायला आली की तिने तोंड उघडण्याआधीच माझे खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. मला हे काम सोडायचे नाही. पण आहे त्याच पद्धतीने आणखी दहा वर्षे मी हे करू शकेन असे मला वाटत नाही.

एका परिचितांनी ‘रोज थोडा प्राणायाम करा’ असे सांगितले. दुसरीकडे, दोन दिवसांत ‘सोमॅटिक (म्हणजे शरीराधारित) थेरपिस्ट’ असे प्रमाणपत्र देणारी एक ऑनलाइन कार्यशाळाही पाहण्यात आली. शरीराच्या अंगाने जाणाऱ्या या मानसोपचाराला खरोखर काही पाया आहे का? माझ्यासारखीने तो कितपत वापरावा? आणि समुपदेशकाला स्वतःला टिकून राहण्यासाठी त्याचा उपयोग होतो का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: समुपदेशक, पणजी

ताई, तुम्ही पाचव्या सत्रात जे केले त्याला पन्नासेक वर्षांची अभ्यासाची परंपरा आहे. शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करणारे तत्त्वज्ञ यूजीन जेंडलिन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराच्या सत्रांची अनेक ध्वनिमुद्रणे अभ्यासली. ज्यांना उपचारांचा फायदा होतो ते लोक बोलता बोलता अडखळतात, शब्द शोधतात, ‘असं नाही, कसं सांगू’ असे म्हणत आतल्या एका अस्पष्ट जाणिवेकडे पुन्हा पुन्हा वळतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्या जाणिवेला त्यांनी ‘फेल्ट सेन्स’ असे नाव दिले, आणि तिच्याकडे वळण्याची कृती कोणालाही शिकता यावी म्हणून १९७८ मध्ये ‘फोकसिंग’ हे पुस्तक लिहिले. तुमच्या क्लायंटचे ‘हांगा’ म्हणजे अशी जाणीव होती.

या क्षेत्राचा उगम त्याच्याही मागे, फ्रॉइड यांचे शिष्य विल्हेल्म राइश यांच्यापर्यंत जातो. दडपलेल्या भावना स्नायूंच्या ताठरपणात साठतात आणि माणूस जणू अंगावर चिलखत घालून वावरतो, हा त्यांचा विचार आजही उपयोगी आहे. याच राइश यांनी पुढे ‘ऑर्गोन’ नावाच्या वैश्विक ऊर्जेचे दावे केले, ज्यांना कसलाही वैज्ञानिक आधार मिळाला नाही, आणि १९५७ मध्ये अमेरिकेतील तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. हे मुद्दाम सांगते, कारण खरी दृष्टी आणि पोकळ दावा या क्षेत्रात पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत आणि निवड आपल्यालाच करावी लागते. या बाबतीत आपण गोव्याची माणसे एक दाखला सहज देऊ शकतो. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून आपण शेकडो वेळा गेलेले असतो. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये जाऊन सांगितले की संमोहनात कोणताही चुंबकीय द्रव एका देहातून दुसऱ्या देहात वाहत नाही. जे घडते त्याचे कारण समोरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या एकाग्रतेत असते. कोणी तुम्हाला ‘ऊर्जा मोकळी करून देतो’ असे सांगू लागले की फारिया यांची आठवण ठेवा.

आता मुख्य मुद्दा. देहाकडे लक्ष देणे ही बाहेरून आलेली गोष्ट आहे असे मला कधीच वाटले नाही, कारण आपली भाषा भावनेला नेहमी अवयवात ठेवूनच बोलते. भीतीने पोटात गोळा येतो, छातीत धस्स होते, तोंडचे पाणी पळते, हातपाय गार पडतात. हे नुसते अलंकार नाहीत. धोका जाणवला की अनुकंपी चेतासंस्था शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी तयार करते. लाळ कमी होते, पचन मंदावते, त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडून मोठ्या स्नायूंकडे वळतो. ‘तोंडचे पाणी पळाले’ असे म्हणणाऱ्या माणसाने लाळग्रंथींचे अचूक निरीक्षण केलेले असते. आपल्याकडे येणारे पुष्कळ लोक ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत येत नाहीत. डोके जड आहे, अंग गळून जाते, झोप येत नाही, टेन्शन आहे, असे म्हणत येतात. त्यांना आधी भावनांची नावे शिकवायची आणि मगच उपचार सुरू करायचे, असा माझा पहिल्या काही वर्षांतला खाक्या होता. त्यात माझे आणि त्यांचे फार श्रम वाया गेले. ते ज्या दाराशी उभे असतात तेच दार उघडावे, असे मी आता मानते.

प्रत्यक्ष कसे करावे, याविषयी माझ्या अनुभवातील एकच प्रसंग सांगते, तोही तपशील बदलूनच. अपघातानंतर प्रवासाची धास्ती बसलेल्या एक आजी माझ्याकडे येत. छातीतील धडधडीकडे लक्ष द्या असे मी सांगितले की धडधड वाढे आणि त्या घाबरून उठू पाहत. तेव्हा मी उलट बाजूने गेले: अंगात कुठे बरे वाटते, निदान कुठे त्रास नाही, असे विचारले. बराच वेळ काही सापडेना. मग बोलता बोलता पौषातल्या धालोंचा, म्हणजे बायकांच्या फेर धरून गाण्या-नाचण्याचा, विषय निघाला. मांडावर हातात हात गुंफून पुढे-मागे पावले टाकायची, ही आठवण सांगताना त्यांचे तळवे जमिनीवर आपोआप हलू लागले. ‘पायांत आता काय वाटते?’ असे मी विचारले. ‘ऊब’ असे उत्तर आले. त्यानंतर आम्ही काही मिनिटे पायांतल्या उबेशी थांबत असू, क्षणभर छातीतल्या धडधडीकडे जात असू, आणि लगेच पुन्हा पायांकडे परतत असू. पीटर लेव्हिन यांनी विकसित केलेल्या ‘सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग’ या पद्धतीचा गाभा हाच आहे. आघाताच्या जाणिवेला थेंबाथेंबाने स्पर्श करायचा आणि सुरक्षित जाणीव व त्रासदायक जाणीव यांच्यामध्ये झोका घेऊ द्यायचा. राइश यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन यांच्या पिढीत किंचाळणे, गाद्यांवर मुठी आपटणे अशा जोरकस मार्गांवर भर होता. आज बहुतेक जाणकार संथपणावर भर देतात, आणि मला तेच योग्य वाटते. एखाद्याचा बांध फुटला म्हणजे तो बरा झाला असे नव्हे.

एक गोष्ट निक्षून सांगते. शरीराधारित याचा अर्थ स्पर्श करणे असा होत नाही. आपल्या छोट्या गावांत, बंद खोलीत, ज्यांच्या घराण्याला आपले घराणे ओळखते अशा माणसांबरोबर काम करताना, स्पर्शाचे विशेष प्रशिक्षण आणि लेखी संमती नसेल तर हात लावूच नये. डोळे मिटायलाही सांगू नये. उघड्या डोळ्यांनी, दार कुठे आहे ते दिसेल अशा जागी बसून, पाय जमिनीला टेकलेले आहेत एवढे जाणवले तरी पुष्कळ काम होते.

उत्तर: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मडगाव

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. पुराव्यांविषयी आणि मर्यादांविषयी थोडी भर घालतो.

प्रथम वैद्यकीय बाजू. घशात गोळा असल्यासारखे वाटणे आणि घास प्रत्यक्ष अडकणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला वैद्यकात ‘ग्लोबस’ म्हणतात आणि तिच्यात बहुधा गिळण्याची क्रिया शाबूत असते. पुढे कधी या बाईंना घास अडकू लागला, गिळताना दुखू लागले किंवा वजन घटू लागले, तर पूर्वीच्या तपासणीवर विसंबून न राहता पुन्हा डॉक्टरांकडे पाठवावे. देहाची भाषा ऐकायची म्हटले की ती देहाच्या आजाराचीही असू शकते, हे आपण विसरता कामा नये.

पुराव्यांचे म्हणाल, तर चित्र संमिश्र आहे. आघातोत्तर ताणावर ज्या पद्धतींचा पुरावा भक्कम आहे त्यांत आघातकेंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आघाताच्या आठवणींवर काम करण्याची पद्धत) यांचा समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या दोहोंची शिफारस केली आहे. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगवर २०१७ मध्ये इस्रायलमधील ६३ व्यक्तींवरचा यादृच्छिक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचे निष्कर्ष आशादायक होते, पण ६३ ही संख्या लहान आहे. मनोविकारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये दीर्घकालीन आघातोत्तर ताण असलेल्या ६४ स्त्रियांवर दहा आठवड्यांच्या योगवर्गाचा अभ्यास केला. अखेरीस योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणी निदानाच्या निकषांत बसत नव्हत्या, तर तुलनेच्या गटात २९ पैकी ६ जणींबाबत असे झाले. हेही उत्साह वाढवणारे आहे, मात्र याच्या जोरावर सीबीटी सोडून द्यावी असे काही सिद्ध होत नाही. तुम्ही ती सोडू नका. ‘तेव्हा काय वाटले’ या रकान्याच्या आधी ‘अंगात कुठे जाणवले’ असा एक रकाना वाढवा.

सुरक्षितता आणि धोका यांच्या जाणिवेचा संबंध व्हेगस या चेतातंतूशी जोडणारा स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धांत आज प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतो. समजावून सांगायला तो सोयीचा आहे, परंतु त्यातील चेताशास्त्रीय आणि उत्क्रांतिविषयक विधानांवर शरीरशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. क्लायंटला चित्र काढून दाखवण्यापुरता तो वापरावा. सिद्ध विज्ञान म्हणून मांडू नये.

प्राणायामाविषयी सावधगिरी हवी ती अशी, की काही आघातग्रस्तांना श्वासाकडे लक्ष वेधल्यानेच घबराट वाटू लागते. विशेषतः गुदमरणे, बुडणे किंवा लैंगिक अत्याचार यांचा पूर्वेतिहास असल्यास श्वासापासून सुरुवात करू नये. हात, पाय, पाठीला लागणारी खुर्ची अशा तटस्थ जागा निवडाव्यात.

दोन दिवसांच्या प्रमाणपत्राविषयी माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंगचे अधिकृत प्रशिक्षण साधारण तीन वर्षे चालते आणि त्यात स्वतः क्लायंट म्हणून सत्रांचा अनुभव घेणे व अनुभवी व्यक्तीचे पर्यवेक्षण अनिवार्य असते. दोन दिवसांत परिचय होऊ शकतो, पात्रता येऊ शकत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या घशाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा तो भाग मला अधिक तातडीचा वाटला. आपण ‘थकवा’ या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो. बर्नआउट हा कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या, दीर्घकालीन ताणातून येतो. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाने त्याची नोंद आजार म्हणून केलेली नाही, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून केली आहे. दुसरी गोष्ट, इतरांच्या आघातांच्या कथा ऐकून ऐकून जगाविषयीच्या आपल्याच धारणा बदलतात, कोणावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये याचे वर्णन केले. तिसरी गोष्ट, दुसऱ्याच्या वेदनेशी इतके एकरूप होणे की ती आपल्याच अंगात वाजू लागते. टानिया झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे दाखवले की समोरच्याचे दुःख स्वतःत अनुभवणे आणि त्याच्याविषयी करुणा बाळगणे यांत मेंदूची वेगवेगळी जाळी काम करतात. पहिल्याच्या सरावाने त्रास वाढतो, दुसऱ्याच्या सरावाने जिव्हाळ्याची भावना वाढते. तुमच्या वर्णनावरून तुमचा घसा तिसऱ्या प्रकारात मोडतो. अर्थात प्रत्यक्ष भेटीशिवाय मी याहून अधिक म्हणणार नाही.

यावर केवळ एकट्याने करायचे उपाय पुरत नाहीत, आणि येथे गोव्यातच एक उत्तम उदाहरण आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना नैराश्याच्या उपचारांसाठी प्रशिक्षित केले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अभ्यासात १० आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्ण होते, आणि सहा ते आठ सत्रांच्या उपचाराचा मुख्य आधार वर्तन-सक्रियता हा होता, म्हणजे मनाला उभारी येण्याची वाट न पाहता अंगाने काहीतरी करू लागायचे. मला त्यातील पर्यवेक्षणाची रीत सर्वांत महत्त्वाची वाटते. समुपदेशक गटाने बसून एकमेकांची ध्वनिमुद्रित सत्रे ऐकत आणि त्यांना गुण देत. एकट्या माणसाच्या अंगावर पडणारा भार त्यामुळे वाटला जातो. तुमच्या पत्रात सहकाऱ्यांचा कोठेच उल्लेख नाही, हे मला खटकले.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, म्हापसा

मी मानसोपचाराच्या क्षेत्रातली नाही, पण माझ्याकडे मान-खांद्यांच्या तक्रारी घेऊन काही समुपदेशक आलेले आहेत, म्हणून थोडे लिहिते.

या सर्वांत एक समान सवय मी पाहिली. लक्षपूर्वक ऐकताना ते पुढे वाकतात, हनुवटी बाहेर काढतात आणि श्वास वरच्या वर, छातीच्या टोकाशी घेतात. अशा श्वासाला मानेच्या बाजूचे आणि खांद्यांचे वरचे स्नायू जुंपले जातात. दिवसाला चार-पाच तास हे चालले तर खांदे कानांकडे चढणारच. शिवाय ओठांवर आलेले वाक्य गिळून गप्प राहताना स्वरयंत्राभोवतालचे स्नायू आवळले जातात, आणि तुमच्या व्यवसायात तर दिवसभर वाक्ये गिळावी लागतात.

माणूस समोरच्याची बसण्याची ढब नकळत उचलतो. समोरची व्यक्ती आक्रसून बसली की आपणही आक्रसतो. त्यामुळे सत्रात दोन-तीनदा स्वतःकडे पाहावे: पाठ खुर्चीला लागली आहे का, जीभ टाळूला आवळलेली आहे का, पायाचे अंगठे वळलेले आहेत का. दिसले की हळूच सोडून द्यावे; त्याने ऐकण्यात खंड पडत नाही. खुर्च्या समोरासमोर न ठेवता जराशा तिरप्या ठेवाव्यात आणि आपले पाय पूर्ण टेकतील एवढीच त्यांची उंची असावी. दोन सत्रांच्या मध्ये उठून दारात उभे राहावे, लांबच्या झाडाकडे पाहावे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती किंचित मंदावते. आणि तुमच्या गावात भजन होत असेल तर जाऊन बसा आणि मोकळ्या आवाजात गा. लांब ओळ गाताना उच्छ्वास आपोआप लांबतो, आणि दिवसभर वाक्ये गिळणारा घसा निदान तासभर उघडा राहतो.

प्रतिसाद: समुपदेशक, पणजी

मडगावच्या सरांनी सहकाऱ्यांचा मुद्दा काढला, त्याला जोडून मानधनाविषयी लिहिणे मला भाग आहे. आपल्यापैकी अनेक जणी सत्रामागे इतके थोडे घेतात की पोट भरायला दिवसात सहा-सात सत्रे लावावी लागतात. मी काही वर्षे एका संस्थेत दिवसाला आठ सत्रे केली आहेत. त्या काळात मी ध्यान करत होते, चालायला जात होते, सुट्टीही घेत होते, आणि तरीही शेवटच्या सत्रात समोरच्या माणसाचे नाव मला आठवत नसे. दिवसाला आठ जणांचे दुःख कोणत्याही श्वसनतंत्राने पेलवत नाही. संख्या कमी करावी लागते, आणि त्यासाठी कोणाला तरी ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगण्याचे धैर्य करावे लागते. ते मला फार उशिरा जमले. ताई, तुम्ही संध्याकाळी किती सत्रे घेता, ते लिहिले नाहीत.

प्रतिसाद: समुपदेशक, फोंडा (मूळ प्रश्नकर्ती)

उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते. आपण सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार.

विचारले आहे म्हणून सांगते: मी संध्याकाळी पाच सत्रे घेत होते, लागोपाठ, मध्ये एक मिनिटही न सोडता. आता चार घेते आणि दोहोंमध्ये पंधरा मिनिटे ठेवते. मिळकत घटली आहे, ती कशी भरून काढावी हे अजून ठरायचे आहे. खुर्च्या तिरप्या केल्या. माझी खुर्ची उंच होती, तिच्यावर बसल्यावर टाचा अधांतरी राहत होत्या आणि सात वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पायांखाली आता लाकडी पाट ठेवला आहे.

एक चूकही झाली, ती लिहायला हवी. शाळेतील नववीच्या एका मुलाला मी ‘अंगात कुठे जाणवते’ असे विचारले आणि तो एकदम मिटून गेला. लाल झाला आणि उरलेला वेळ बुटाच्या नाडीकडे पाहत राहिला. त्या वयात स्वतःच्या देहाविषयी मोठ्या बाईंनी विचारणे हेच त्याला अवघड वाटले असणार, हे मला विचारण्याआधी सुचायला हवे होते. पुढच्या वेळी आम्ही खोलीत बसलोच नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून एकमेकांकडे चेंडू टाकत बोललो. तो बराच बोलला, वडिलांविषयीही बोलला, आणि चेंडू जोरात येऊ लागला की विषय कुठे पोहोचला आहे ते मला न विचारता कळत होते.

माझा घसा पूर्ण मोकळा झाला आहे असे म्हणणार नाही. मात्र तो दाटू लागतो तो क्षण आता मला सत्रातच सापडतो. पूर्वी घरी गेल्यावर सापडत असे. परवा एका क्लायंटचे ऐकताना तो आवळला, तेव्हा मी तळवे पाटावर दाबले आणि स्वतःला विचारले की हे त्यांचे आहे की माझे. त्या वेळी ते माझेच होते. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणाविषयी मी कोणाशीच बोललेले नाही, आणि घशाच्या त्या क्लायंटच्या सासऱ्यांची हकिकत मी इतक्या कान देऊन का ऐकत होते, याचाही त्यामुळे उलगडा झाला. या विषयावर बोलण्यासाठी मी स्वतः एका थेरपिस्टकडे जाऊ लागले आहे. दोन सत्रे झाली.

त्या बाई अजून येतात. नोंदवहीत नवा रकाना आखून दिला आहे. गेल्या आठवड्यात त्यात एका ठिकाणी ‘गळा’, दुसऱ्या ठिकाणी ‘दोन्ही हात’ असे लिहून आणले होते, आणि ‘काय वाटले’ या रकान्यात पहिल्यांदाच ‘राग’ हा शब्द होता, पेनाने दोनदा गिरवलेला.

पर्यवेक्षणासाठी फोंडा आणि डिचोली भागातील आम्ही तिघींनी दर शनिवारी दुपारी दोन तास एकत्र बसायचे ठरवले आहे. क्लायंटच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या सत्राचा थोडा भाग ऐकतो आणि ऐकताना आपापल्या अंगात काय झाले ते प्रत्येकीने आधी सांगायचे, मगच सत्राविषयी बोलायचे, एवढा एकच नियम आहे. जवळपासच्या कोणा समुपदेशकांना यायचे असल्यास येथेच निरोप ठेवावा. आणखी दोघांना जागा आहे.